तार गेली, ताळतंत्रही गेलं

कॉर्डलेस फोनबरोबर जी पुस्तिका येते, तिची पहिली दोन-तीन पानं वाचली की ही वस्तू घरात ठेवायची की तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायची, असा प्रश्न पडतो. न्हाणीघरात वापरू नका. मोरीजवळ, पाण्याच्या टाकीजवळ, ओल्या जागी वापरू नका. विजा चमकत असतील तर वापरू नका. उन्हात ठेवू नका, शेगडीजवळ ठेवू नका. आणि माझं सगळ्यांत आवडतं कलम म्हणजे, गॅस गळत असेल तर त्याची तक्रार करायला गळतीच्या जवळ उभं राहून हा फोन वापरू नका. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "मग काय, गॅसला सांगायचं? बाबा रे, जरा दम धर, मी शेजारी जाऊन फोन करून येते?"

वास्तविक तेच करायचं असतं. बटण दाबताना बारीकशी ठिणगी उडाली तरी पुरते. पण आईचा मुद्दा वेगळा होता. फिरत फिरत बोला म्हणून फोन हातात द्यायचा आणि मग कुठे कुठे फिरायचं नाही त्याची यादी द्यायची, हा काय प्रकार? कोकणातल्या घरातून मोरी, विहीर, चूल, ऊन, पाऊस आणि वीज वजा केली की उरतं ते देवघर. आणि तिथे फोनवर बोललेलं आईला चालत नाही.

आमचं घर राजापूर तालुक्यात, रस्ता सोडून खाली उतरलेल्या एका वाडीत. मोबाइलला रेंज आहे, नाही असं नाही. ती परसातल्या फणसाखाली आहे, आणि तिथेही विहिरीकडे तोंड करून उभं राहिलं तर. म्हणून लँडलाइन टिकून राहिली, माजघरातल्या कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली. अडचण एवढीच की माजघरात बोललेलं ओटीवर ऐकू येतं, आणि ओटीवर काका असतात. पुतणीचं लग्न ठरलं आणि रोज रात्री नऊच्या सुमाराला काकांना ओटीवर काहीतरी महत्त्वाचं काम निघू लागलं. पानाचा डबा उघडायचा आणि सुपारी न कातरता बसून राहायचं. शेवटी पुतणीनेच घोषणा केली की एक तर कॉर्डलेस येईल, नाहीतर लग्न होऊन ती स्वतः जाईल तोवर कुणाशी बोलणार नाही.

आत्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने येताना तिकडचाच एक सुरेख कॉर्डलेस आणला. काळाभोर, चकचकीत, पाठीवर इंग्रजीत डेक्ट ६.० असं लिहिलेला. डेक्ट म्हणजे डिजिटल कॉर्डलेसची एक पद्धत, आणि ६.० हा तिचा अमेरिकी अवतार. आता अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०ची, हे शाळेत कुणी शिकवत नसलं तरी ॲडॉप्टरवर छापलेलं असतं. पण काका छापील मजकूर वाचतात तो पंचांगातला. चपट्या पायांची पिन आपल्या सॉकेटात बसेना, म्हणून त्यांनी बाजारातून सगळ्या पायांची सोय असलेला मल्टीप्लग आणला, "बसली की नाही?" म्हणत पिन त्यात दाबली आणि बटण खाली केलं. पिन बसली होती यात शंका नाही. पाठोपाठ ॲडॉप्टरही बसला. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि आत्याचा मुलगा कोपऱ्यात, पाहुण्याने हसावं की नाही या विचारात.

बरं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो फोन चालवला असता, तरी तो आपल्याकडे चालवणं बरोबर नव्हतं. हे अमेरिकी डेक्ट ६.० फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात बोलतात. तिकडे तो पट्टा त्यांच्यासाठीच राखलेला. इकडे तोच पट्टा मोबाइल सेवेसाठी ठेवलेला. म्हणजे तिकडचा कायदेशीर फोन विमानातून उतरला की इकडे घुसखोर. युरोपातले डेक्ट फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात, त्यांची गोष्ट वेगळी. मी हे काकांना समजावलं. ते म्हणाले, "आपल्याकडे त्या मोबाइल कंपनीचीच रेंज पोचत नाही, तर आपली तिच्यापर्यंत कशी पोचेल?" यावर उत्तर असेलही, पण ते ऐकायला काका थांबले नाहीत. ते रत्नागिरीला इकडचा फोन आणायला निघाले होते.

इकडचा फोन आला. त्याचा डबा उघडून आईने पहिली शंका काढली ती मात्र बिनतोड होती. बिनदोरीचा म्हणून आणलेल्या या फोनला दोन दोऱ्या. एक टेलिफोनच्या लाइनीची आणि एक विजेची. जुन्या फोनला एकच होती.

आणि त्या दुसऱ्या दोरीनेच घात होतो. जुना तारेचा फोन लाइट गेले तरी चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, ४८ व्होल्टची, त्याच तांब्याच्या तारेवरून येत असते. कॉर्डलेसच्या बेसला, म्हणजे हँडसेट ज्यावर ठेवायचा त्या खोक्याला, मात्र घरातली वीज लागते. आमच्याकडे मृगाची पहिली सर आली की लाइट जातात आणि बरेचदा पाहुण्याने मुक्काम ठोकावा तसे बाहेरच राहतात. म्हणजे झाड पडलं, कुणी आजारी झालं, डॉक्टरला बोलवायचंय, की नेमका तेव्हाच हा चकचकीत प्राणी मुका. म्हणून क्रोशाच्या रुमालाखालचा जुना फोन काढायचा नाही, समांतर जोडून तसाच ठेवायचा, असं ठरलं. हा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम होता. पुतणीच्या दृष्टीने नव्हता. जुना रिसीव्हर अलगद उचलला की परसातलं सगळं बोलणं माजघरात ऐकू येतं, हे आईला कुणी शिकवावं लागलं नाही.

समांतर जोडणीचं काम काकांनीच अंगावर घेतलं. वायरचं वरचं आवरण सोलायला पक्कड मिळेना. काका दातांनी सुपारी फोडणारे, त्यांना पक्कड हवी कशाला? आता टेलिफोनची तार नुसती असते तेव्हा ४८ व्होल्ट कोरड्या हाताला फारसे जाणवत नाहीत. पण फोनची घंटा वाजवायला एक्स्चेंजमधून जो करंट सोडतात, तो पाऊणशे व्होल्टच्या आसपास असतो. आणि तोंड कोरडं नसतं. काकांनी तार दाढेत धरली, मान तिरकी केली, आणि त्याच क्षणी होणाऱ्या जावयाने राजापुरातून नंबर फिरवला. काका जे काही बोलले त्यात शब्द नव्हते. नंतर पाणी पिऊन त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगा नक्की करायचाय ना आपल्याला?"

विजांचं प्रकरण मात्र थट्टेवारी नेण्यातलं नाही. वैशाखातला वळीव आणि नवरात्र-दिवाळीच्या आसपासचा परतीचा पाऊस, या दोन वेळी आमच्याकडे आभाळ खरंच फाटतं. टेलिफोनची तार खांबांवरून माळरान ओलांडून येते, आणि जवळपास कुठे वीज पडली की त्या तारेतून झटका घरात शिरतो. हँडसेटला तार नसल्याने तो कानाला लावलेला माणूस त्यातून वाचतो, पण बेस वाचत नाही. शेजारच्यांचा बेस असाच गेला. त्यांच्या भिंतीवर सॉकेटभोवती काळं फुलपाखरू उमटलंय, चुना लावला तरी वर येतं. लाइनमनने आम्हाला सांगून ठेवलंय, "काका, गडगडायला लागलं की दोन्ही पिना काढायच्या. लाइटची पण आणि लाइनची पण. एक काढून उपयोग नाही."

पिना काढायला वेळ लागत नाही. पण कोकणात गडगडलं की बोरिवलीच्या मावशीला टीव्हीवर कळतं. आणि टीव्हीवर कळलं की ती फोन करते. पिना काढलेल्या असल्या तर तिला तिकडे नुसती घंटा वाजल्यासारखी ऐकू येते, उचलत कुणी नाही. मग ती अंगाऱ्याला हात घालते आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्यांना फोन लावते. ते बिचारे पिना लावून बसलेले, कारण त्यांच्या बेसचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं. भर पावसात शेजारचा मुलगा इरलं घेऊन निरोप सांगायला येतो, "तुमची मावशी विचारतेय, वीज पडतेय का? पडत असेल तर म्हणाली, बाहेर जाऊ नका."

आमच्या वाडीला कॉर्डलेस तसा नवा नाही. आखातातून सुट्टीवर येणारी माणसं फार पूर्वीपासून असे फोन आणत. लांबलचक एरियल ओढून काढायचा, त्याच्या टोकाने घरातल्या कुणाचा तरी डोळा शोधायचा, आणि मग बोलायचं. त्या जुन्या ॲनालॉग सेटांना गुप्तता ही भानगडच नव्हती. दोन घरांचे सेट एकाच चॅनेलवर आले की एकीकडचं भांडण दुसरीकडे ऐकू येई. १९८०च्या दशकातल्या काही फोनांत तर घंटाच कानाला लावायच्या भोकातून वाजायची, त्यामुळे बटण बदलायचं विसरून घाईने कानाला लावला की कानठळ्या बसत. आताच्या डेक्टमध्ये बेस आणि हँडसेट एकमेकांना ओळखून घेतात, बोलणंही सांकेतिक करून पाठवता येतं. अर्थात आमच्या घरी हँडसेट आणि बेसच्या मधोमध आई जुना रिसीव्हर घेऊन बसलेली असल्याने त्या सगळ्या संशोधनाचा फायदा तेवढा झाला नाही.

पण खरी गंमत झाली ती आंब्याच्या हंगामात. पडवीत पेट्या भरायचं काम चालू होतं. पेंढ्याचा थर, आंबे, परत पेंढा, वर फळी आणि खिळे. काका वाशीच्या दलालाशी हँडसेटवर भाव ठरवत होते, म्हणजे ओरडत होते. मान आणि खांद्यात फोन दाबलेला, दोन्ही हातांनी आंबे रचणं चालू. त्या दलालाने काय भाव सांगितला कुणास ठाऊक, काकांनी तावातावाने फोन खाली ठेवला. खाली म्हणजे पेटीत. वरून पेंढा आला, फळी आली, आणि गड्याने खिळे ठोकले.

संध्याकाळी टेंपो दारात. पेट्या चढल्या. तेवढ्यात पुतणी फोन शोधू लागली. बेसवर एक बटण असतं, ते दाबलं की हँडसेट जिथे असेल तिथून टीं टीं करतो. दाबलं. सगळं घर श्वास रोखून उभं. न्हाणीघरातून नाही, तांदळाच्या डब्यातून नाही. आवाज येत होता अंगणातून. टेंपोचा ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "मी रिव्हर्स टाकलाच नाहीये!" हाताने गिअरही चाचपून पाहिला. मग सगळे टेंपोभोवती. माजघरात पुतणी बटण दाबणार, इकडे आम्ही पेट्यांना कान लावणार. पेट्यांची थप्पी चार थरांची, आवाज दर वेळी शेजारच्या पेटीतून आल्यासारखा वाटे. काका म्हणत होते, "जाऊ दे, वाशीला पोचल्यावर दलालाला सांगू काढून ठेवायला." त्यांना सांगावं लागलं की असा फोन घरापासून फार तर तीनशे मीटर चालतो, तेही मोकळ्या माळावर. वळणापलीकडे टेंपो गेला की संपलं. शिवाय ज्या दलालावर तो आपटला, त्यालाच तो पाठवायचा?

सापडला तो पाच डझनी पेटीत, देवगड नव्हे, आमच्याच बागेतल्या कच्च्या हापूसच्या मधोमध, पेंढ्यात छान गुरफटलेला. काका त्याही स्थितीत म्हणाले, "बघा, एक डागसुद्धा नाही. पॅकिंग कसं आहे!"

सेलचं मात्र आमच्याकडे कधीच जमलं नाही. हँडसेटमध्ये रिचार्जवाले दोन बारीक सेल असतात, निकेल मेटल हायड्राइडचे. तिथे साधे सेल घालायचे नसतात, कारण बेसवर ठेवला की तो त्यांना चार्ज करायला जातो, आणि साधे सेल चार्ज होत नाहीत, तापतात, फुगतात आणि कधी फुटून आतलं पाणी सांडतात. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण टीव्हीचा रिमोट बंद पडला आणि मालिका ऐन रंगात आली की माहीत असणं आणि करणं यांची फारकत होते. फोनचे सेल रिमोटमध्ये, रिमोटचे घड्याळात, घड्याळाचे फोनमध्ये. हँडसेटच्या पाठीवरचं झाकण केव्हाच हरवलंय, तिथे तपकिरी चिकटपट्टी आहे, तीही पुन्हा पुन्हा काढून चिकटेनाशी झालेली. वर आईचा आपला एक इलाज आहे. सेल मंद झाले की ती ते अंगणात पापडांच्या बाजूला उन्हात घालते. मी कितीदा सांगितलं, आई, याने सेल भरत नाहीत, उलट बिघडतात. ती म्हणते, "मग रिमोट चालतो कसा त्यानंतर?" चालतो, थोडा वेळ. आणि तेवढ्या थोड्या वेळात मी वाद हरतो.

परवा दुपारी फोन आला. मी ओटीवरच होतो. आईने हँडसेट घेतला, स्पीकरचं बटण तिच्याकडून नेहमीच दाबलं जातं, त्यामुळे पलीकडचा गोड आवाज अंगणात घुमला. बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय, खातं आज संध्याकाळी बंद होणार, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. मी लगबगीने हात पुढे केला, आईने मला बोटानेच गप्प केलं. तेवढ्यात हँडसेट कुंईं कुंईं करू लागला, सेल संपत आल्याचं.

"आई, फोन ठेवू नका, लाइनवर राहा," पलीकडचा घाईला आला.

"नाही रे बाळा, ठेवत नाही," आई म्हणाली, "पण तो आकडा मोबाइलवर यायचा, म्हणजे मला फणसाखाली जावं लागणार. आणि या फोनचे सेल बघ संपले. दुसरे आहेत, पण ते आत्ताच उन्हात घातलेत, अजून एक बाजू व्हायचीय. तू असं कर, चारनंतर कर."