गाळण्याच्या भावात सत्तरचं दशक

माझ्या अंगावरच्या शर्टाला परवा चहाचं गाळणं भाव आला. मोठं नाही, मधलं.

शर्ट असातसा नाही, व्हिन्टेज आहे. बदामी रंग, तपकिरी पट्ट्या, खांद्यापर्यंत पोचणारी टोकदार कॉलर. इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणाऱ्या एका मुलीकडून चौदाशेला घेतला, कुरिअरचे वेगळे. ‘सत्तरच्या दशकातलं अस्सल टेरिकॉट, कुणीतरी प्रेमाने जपलेलं’ असं तिनं फोटोखाली लिहिलं होतं. तो घालून मी कपाटातल्या नकोशा टॉपची पिशवी घेऊन खाली उतरले. तळमजल्यावरच्या काकूंच्या दारात बोहारीण बसली होती.

तिनं पहिला टॉप उचलला, उजेडात धरला, खाली टाकला.

“गोळे आलेत.”

“अहो मावशी, मागच्या दिवाळीतला आहे.”

“तेच म्हणते ना.”

दुसरा तर तिनं उलगडलाही नाही. “बायकांचं नको ताई. बाप्यांचं द्या. शर्ट-पॅन्ट मजूर लोक घेतात. हे कोण घेणार?” आणि मग तिची नजर माझ्यावर आली. माझ्यावर म्हणजे शर्टावर. विचारणं वगैरे भानगड नाही, सरळ बाही चिमटीत धरून चोळली.

“हा कोणाचा?”

“माझा.”

“बटणं उजवीकडे आहेत. बाप्याचा आहे.” मला पाठमोरी करून तिनं कॉलर वर केली. “कॉलर उलटवलेली. झिजल्यावर शिंप्यानं उसवून फिरवली. आता परत फिरत नाही. काखेत पण शिवलाय. गाळणं देईन.”

“मला द्यायचा नाहीये.”

“बरं, चिमटा घ्या वर.”

काकू आतून चष्मा लावून आल्या. “अगो, ह्यांचा अस्साच होता! ऑफिसात घालून घालून विटला, मग मी त्याच्यावर पोळ्यांचा डबा घेतला. केवढ्याला घेतलास?”

“तीनशे,” मी म्हणाले.

“फसवलं तुम्हाला,” बोहारीण म्हणाली. तिच्या आवाजात खरीखुरी कणव होती, आणि ती मला अजून पचलेली नाही.

आता, मला हे कपडे का आवडतात ते या दोघींना दारात उभं राहून काय सांगणार? बटणपट्टीच्या आत कापडाची किनार आहे, तिच्यावर मुंबईच्या एका गिरणीचं अर्धं नाव अजून वाचता येतं. जानेवारी 1982 मध्ये संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कितीतरी गिरण्या पुन्हा धड उभ्याच राहिल्या नाहीत. लोअर परळला एका गिरणीच्या जागी आज मॉल आहे. तसल्याच मॉलमधून मी तो गोळे आलेला टॉप आणला होता. त्याला खिसा नाही. बायकांच्या कपड्यांना खिसा दिला तर कुणाचं काय जातं, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. या शर्टाला खिसा आहे आणि त्याच्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे, म्हणजे कुणीतरी तो वापरलासुद्धा. (“मेलेल्या माणसाचे असतील,” इति आई. असतील. त्याला पेन तरी ठेवता येत होतं.)

चीड वेगळीच आहे. कॉलर उलटवलेली आहे हे त्या बाईला एका नजरेत कळलं. विकणारीला कळलं नाही, किंवा कळलं आणि तिनं त्याला प्रेम म्हटलं. दिल्लीत रघुबीर नगरला पहाटे अंधारात अशा जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. बोहारणी रोख पैशांनी भांडी घेतात, दारोदार फिरून ती कपड्यांवर देतात, उसवलेलं शिवतात, धुतात, इस्त्री करतात आणि तिथे नेऊन थोडक्या रुपयांत विकतात. आमच्याकडच्याही थोड्याफार फरकानं तेच करतात. नंतर कुणीतरी तो शर्ट कुंडीशेजारी टांगून फोटो काढतं, आणि चौदाशे होतात. डोक्यावर गाठोडं आणि टोपली घेऊन चार मजले चढणारीला यातलं काय मिळतं? आमच्या सोसायटीत तर तिला लिफ्टही वापरू देत नाहीत. त्यावर सभेत एकदा बोलले, तर पार्किंगचा विषय निघाला.

संध्याकाळी मी त्या मुलीला कॉलरचा फोटो पाठवला. खरमरीत मजकूर लिहिला होता. तिचं उत्तर आलं, ‘हेच तर त्याचं कॅरॅक्टर आहे ताई!’ पुढे बदाम. त्याच्याखाली, ‘त्याच लॉटमध्ये बेलबॉटम आलीय, बाजूला ठेवू का?’

मी कमरेचं माप विचारलंय.