खेळणी आहेत, पण खेळायची नाहीत

‘लहान मुलांची खेळणी गॅलरीत कशाला?’ हा आर्ट टॉयच्या, म्हणजे कलाकारांनी संग्रहासाठी घडवलेल्या खेळण्यांच्या प्रदर्शनावरच्या तुमच्या लेखातला टोमणा काही पटला नाही. हेच प्रदर्शन मी दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा फक्त एका बुटक्या राक्षसाच्या मानेवरचा सांधा बघायला! सोफुबी, म्हणजे जपानी पद्धतीचं मऊ व्हिनाइल, कसं घडतं ते कळलं की तो सांधा समजतो. पातळ व्हिनाइल धातूच्या साच्यात ओतून साचा गरम तेलात बुडवतात. कडेला चिकटलेला थर घट्ट होतो, आतलं जास्तीचं परत ओतून टाकतात आणि उरलेलं पोकळ कवच गरम असतानाच पकडीने साच्याच्या तोंडातून खेचून काढतात. म्हणून डोकं, हात, पाय वेगवेगळे घडवून मग सांध्यांवर जोडलेले. रंगही बरेचदा हातानेच फवारलेला. माझ्या राक्षसाची एक भुवई चक्क घसरली होती.

बाकी १९९९ मध्ये हाँगकाँगच्या मायकेल लाऊ या कलाकाराने आपल्या बाहुल्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हापासूनचा हा वाद जुनाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. सगळं काचेआड, आणि पाठीमागची बाजू भिंतीकडे. अहो, निदान एखादा आरसा तरी लावायचा मागे!