आपली डागांबद्दलची तक्रार बरोबर आहे. चूक आमच्या सेटिंगची आहे

सप्रेम नमस्कार, ताई.

आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की, सप्टेंबरात आमच्याकडून वॉटर सॉफ्टनर बसवून घेतला तरी नळांवरचे पांढरे डाग गेले नाहीत, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरचा आकडा उतरण्याऐवजी किंचित चढला, अंघोळीनंतर अंग बुळबुळीत लागते आणि डाळ अजूनही शिजत नाही. थोडक्यात, पैसे पाण्यात गेले. मंगळवारी मी स्वतः आपल्या घरी येऊन गेलो. आपल्या तक्रारीतला मुख्य भाग खरा आहे, म्हणून तिथे जे दिसले ते मी इथेच, सर्वांसमोर लिहितो.

मशीन बसवताना आमच्या मुलाने आपल्या बोअरचे पाणी तपासले, तेव्हा नमुना लालचा निळा व्हायला तपासणीच्या द्रावणाचे १५ थेंब लागले होते. एका थेंबाला लिटरमागे २५ मिलिग्रॅम धरले, तर जडपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, ३७५ झाला. मंगळवारी त्याच बेसिनपाशी आपल्यासमोर थेंब मोजले, ते २६ भरले, म्हणजे ६५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचा जडपणा चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. आपल्या बोअरचे पाणी सध्या त्याही पुढे गेले आहे. पावसाळ्यात काळ्या कातळाच्या भेगांत नवे पाणी उतरते तेव्हा क्षार विरळ होतात, आणि उन्हाळ्यात तळाला उरलेले पाणी जड होत जाते, हे या धंद्यात असलेल्या आम्हांला ठाऊक असायलाच हवे होते.

आपल्या मशीनमध्ये २५ लिटर रेझिन, म्हणजे जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी, आहे. ते एकदा मिठाच्या पाण्याने धुतले की पुढच्या धुण्यापर्यंत साधारण १२५० ग्रॅम जडपणा धरून ठेवते. ३७५ च्या हिशेबाने ३३०० लिटर पाणी मऊ होते आणि दिवसाला ६०० लिटर वापर धरून दर पाच दिवसांनी मिठाच्या पाण्याने रेझिन धुण्याचे सेटिंग आम्ही केले. ६५० च्या पाण्यात तेच रेझिन १९०० लिटरांतच, म्हणजे तीन दिवसांत भरते. उरलेले दोन दिवस आपल्या नळाला जवळजवळ बोअरचेच पाणी येत होते, आणि डाग त्याचेच आहेत. गिझरच्या कॉइलवरचा थर तर मी बोटाने सोलून पाहिला. चुन्याच्या पापुद्र्यासारखा निघाला. पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट मोडते आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवरच बसतो, म्हणून वीज जास्त जाते आणि पाणी उशिरा तापते.

टीडीएस मीटरबद्दल मात्र आपला गैरसमज झाला आहे, आणि तो दूर करणे विक्रीच्या दिवशीच आमचे काम होते. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, बदलतो: ४० ग्रॅम कॅल्शियम घेऊन ४६ ग्रॅम सोडियम देतो. सोडियम साबणाशी साका धरत नाही आणि गिझरमध्ये थर धरत नाही; परंतु मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढेच पाहतो, त्याला हा फरक कळत नाही. बुळबुळीतपणाही त्यातलाच. जड पाण्यात निम्मा साबण साका होण्यात जायचा, आता तेवढा लागत नाही, तरी हाताला जुनी सवय आहे. साबण निम्मा करून पाहावा.

स्वयंपाकघराचा नळ आम्ही मुद्दाम मशीनबाहेर ठेवला आहे, कारण आपल्या सासऱ्यांना रक्तदाब आहे आणि वाढीव सोडियमचे पाणी रोज त्यांच्या पोटात जाऊ नये. डाळ न शिजण्याचे कारण ते बोअरचे पाणीच आहे. डाळीसाठी आणि चहासाठी महापालिकेचे पाणी भरून ठेवावे; पंचगंगेचे असो की काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनने येणारे, ते सह्याद्रीच्या पावसाचे पाणी आहे, बोअरइतके जड नाही.

आता आम्ही काय केले ते सांगतो. धुण्याचे सेटिंग तीन दिवसांवर आणले आहे. त्यामुळे महिन्याला २४ किलोऐवजी ४० किलो मीठ लागेल. पाऊस लागून पाणी पुन्हा तपासेपर्यंतचे वरचे मीठ आमच्याकडून येईल. कॉइल विनामूल्य साफ करून देऊ. नळांवरचे जुने डाग मऊ पाण्याने आपोआप जाणार नाहीत. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे. फरशीचे ॲसिड कृपया लावू नये, त्याने नळाची चकाकी कायमची जाते. यापुढे प्रत्येक ग्राहकाचे पाणी पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा तपासण्याचे आम्ही ठरवले आहे.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी पुन्हा येतो. तो धुण्याच्या आधीचा, म्हणजे तिसरा दिवस असेल. थेंब आपण स्वतःच्या हाताने टाकावेत. पाणी पहिल्या दोन थेंबांत निळे झाले नाही, तर मशीन काढून नेऊन पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत करीन.

आपला नम्र,
दुकानमालक, राजारामपुरी, कोल्हापूर