कात्री लावायची तर पाळण्यापासून

तिजोरीत खडखडाट झाला आणि कात्री तुमच्या हाती आली, तर घाबरू नका. रस्त्यांना हात लावाल तर ठेकेदार दारात येऊन बसेल, पगारांना लावाल तर संघटना. सातव्या महिन्यातली बाई मात्र मेळघाटातल्या धारणीहून मंत्रालयावर मोर्चा आणत नाही, आणि दीड वर्षाच्या पोराला घोषणाही देता येत नाहीत. सुरुवात तिथूनच करा.

योजना बंद करू नका, तो नवशिक्यांचा मार्ग. बंद केली की बातमी होते. दर आहे तिथेच ठेवला की काहीच होत नाही. अंगणवाडीतल्या आहाराचा दर 2017 साली ठरला: मुलामागे दिवसाला 8 रुपये, गरोदर बाईमागे साडेनऊ. पोटातल्या जिवाचा दीड रुपया वेगळा धरलाय, बघा! पुढची कित्येक वर्षं हा दर हलला नाही. तूरडाळ आणि तेल तेवढं वर गेलं, पण त्याला आपण काय करणार? खिचडीत पाणी वाढवता येतं.

मग माणसांकडे वळा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ज्याला हा शब्द सुचला त्याला मुजरा. पगार थकला तर माणूस कोर्टात जातो; मान थकला तर कुठे जाणार? त्या संपावर गेल्याच, जशा अंगणवाडीताई 4 डिसेंबर 2023 पासून पन्नासेक दिवस गेल्या होत्या, तर लेकरांचे हाल होताहेत म्हणून नोटीस काढा. लेकरांची आठवण काढायला याहून चांगला मुहूर्त नाही.

सगळ्यांत सोपं म्हणजे पैसे मंजूर करायचे आणि पाठवायचे नाहीत. कुपोषित पोराला घेऊन आई पोषण पुनर्वसन केंद्रात 14 दिवस राहते. तेवढा तिचा रोज जातो, म्हणून शासन तिला ‘बुडीत मजुरी’ देतं. नाव किती प्रामाणिक! आलीच नाही तरी फसवलं असं कुणी म्हणू शकत नाही. चौथ्या दिवशी ती पोराला काखेत मारून सोयाबीन काढायला गेली, की कागदावर ‘स्वेच्छेने गेली’ लिहा. खाट रिकामी, औषध वाचलं.

आदिवासी भागात आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ही असतं. बाळंतपणाआधी चार दिवस येऊन राहायचं, म्हणजे ऐनवेळी रात्री नाला ओलांडायला नको. त्याला कुलूप लावू नका, पाटी छान दिसते. तिथे रांधणाऱ्या बाईचे पैसे तेवढे अडवा. चूल थंडावली की माहेरवाशिणी आपोआप थांबतात.

मृत्यूंची भीती वाटतेय? नोंदवहीत कमी वजन, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग असं सगळं लिहिता येतं. ‘रांधणारीचं बिल थकलं’ असा रकाना नाही.

तरी एखादा पत्रकार मागे लागलाच, तर पाहणी दौरा काढा. त्या दिवशी मुलांच्या हातात अंडी दिसतील असं बघा. एक ट्रे पुरतो. तुमच्या गाडीच्या आधी पुढच्या गावात पोचला म्हणजे झालं.