एक बाई, मृत्यूची चार सालं

सिसिलीचं वर्णन कुणी 'सर्वधर्मसमभावाचं बेट' असं केलं की मी हल्ली ती पोस्ट वाचतच नाही. पालेर्मोला जाऊन आल्यापासून तर नाहीच.

तिथल्या झीसा राजवाड्यात एक लहानशी संगमरवरी शिळा आहे. बाराव्या शतकातला सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा, त्याच्या पदरी असलेल्या ग्रिसान्तो नावाच्या पाद्र्यानं आपल्या वारलेल्या आईसाठी कोरून घेतलेली. मधोमध क्रूस आणि भोवती चार लेख: वर हिब्रू अक्षरांतली अरबी, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी. तिच्या मृत्यूचं साल ज्याच्या त्याच्या कालगणनेत: ज्यू ४९०८, ख्रिस्ती ११४८, बायझंटाइन ६६५६, हिजरी ५४३. मोडी कागद चाळणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही म्हणा. पेशव्यांचे कारकूनसुद्धा 'सुहूर सन' घालून 'खमस' (पाच), 'अशर' (दहा) असे अरबी आकडे लिहीतच होते.

पण म्हणून रॉजर उदार? उत्तर फ्रान्सकडून आलेले नॉर्मन होते मूठभर, बेट अरबांकडून जिंकलेलं. महसुलाची दफ्तरं अरबी आणि ग्रीकमध्ये. ती चालवणारी माणसं ठेवल्याशिवाय राज्य चाललंच नसतं. त्याच्या चॅपेलचं अरबी धाटणीचं लाकडी छत आणि बायझंटाइन मोझेक बघताना मान दुखून येते, इतकं ते देखणं आहे. तरी त्याचा मुलगा गादीवर असताना, ११६१ मध्ये, पालेर्मोत मुसलमानांची कत्तल झालीच. नातू फ्रेडरिक दुसरा अरब पंडितांना तत्त्वज्ञानाचे प्रश्न लिहून पाठवायचा, आणि त्यानंच १२२० च्या दशकापासून बेटावरचे मुसलमान उचलून इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेराला नेऊन बसवले. पुढे बेट स्पेनच्या राजाकडे असताना १४९२ च्या स्पॅनिश फर्मानानं ज्यूही गेले.

राहिलं ते राजांच्या हाताबाहेरचं. शेतातल्या पाण्याच्या हौदाला तिथे अजून 'जेब्बिया' म्हणतात, अरबी 'जाबिया'वरून. संत्र्या-लिंबाच्या फुलाला 'झागरा', तोही अरबीच. इटालियन 'झुक्केरो' तर आपलीच शर्करा, अरबांच्या वाटेनं गेलेली.

सिसिलीतल्याच त्रापानी गावात एका खाणावळीत म्हातारी मालकीण परातीत रवा घेऊन, पाण्याचा हबका मारत, बोटांच्या टोकांनी कण वळत बसली होती. कुस्कुसू. वर माशांचा रस्सा. मी म्हटलं, हे आफ्रिकेतलं ना? ती भडकलीच. आमच्या आजीच्या आजीपासूनचं आहे, म्हणाली, आफ्रिकेचं कुठलं!

मी गप्प बसून आणखी रस्सा मागितला.