फोटो अजून पुण्याला गेलेला नाही

आंतरवंशीय लग्नांवरच्या एका लेखात गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेचा आकडा दिलाय: कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाला अमेरिकेत १९५८ साली ४ टक्के लोकांची संमती, २०२१ मध्ये ९४. खरं आहे, पण ही चढण सरळ नव्हती. लव्हिंग या मिश्र जोडप्याच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९६७ सालीच अशा लग्नांवरची बंदी उठवली, तरी अलाबामा राज्याच्या घटनेतून बंदीचं कलम जायला २००० साल उजाडलं. तेव्हाच्या सार्वमतातही दहातल्या चार मतदारांनी विरोधच केला.

आणि आपली माणसं? न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने कृष्णवर्णीय मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा ताई दोन दिवस धड जेवली नाही. "गोरा असता तर एक वेळ चाललं असतं," असं ती फोनवर म्हणाली. ते वाक्य मला अजून टोचतं. भाची तिला एवढंच म्हणाली, "आई, त्याच्या आजोबांच्या पिढीने रस्त्यावर मार खाल्ला, म्हणून १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला आणि तुला इथे येता आलं."

आता नातू झालाय. त्याच्या कुरळ्या जावळाला ताई किती हळुवार तेल लावते! पण जावयासोबतचा फोटो पुण्याच्या नातेवाइकांना अजून पाठवलेला नाही. ताई, वाचत असशील तर आजच पाठव गं.