एल्विसची बीएमडब्ल्यू ५०७ आणि पुसलेला लाल रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बीएमडब्ल्यू ५०७ या जुन्या स्पोर्ट्स गाडीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लीने लष्करी सेवेत असताना जर्मनीत वापरलेल्या गाडीला सुट्या भागांतून जुळवलेले इंजिन बसवले, काच वर-खाली करण्याच्या मुठींसारखे काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने घडवले आणि लाल रंग काढून ती पांढरी केली; तेव्हा वारसा जपण्याच्या नावाखाली कंपनीने पन्नास वर्षांचा इतिहास पुसून टाकला. गायकाचे नाव काढले तर या गाडीत उरते काय, असेही आपण शेवटी विचारले आहे.

इंजिनापासून सुरुवात करतो. एल्विस १९६० मध्ये लष्करी सेवा संपवून मायदेशी परतला आणि ही गाडीही अमेरिकेत गेली. पुढे अलाबामातील एका रेडिओ निवेदकाने ती घेतली, तिचे मूळ ३.२ लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही८ इंजिन काढून तिथे शेव्हरोलेचे इंजिन बसवले आणि ते मावावे म्हणून पुढच्या सांगाड्याचे काही भाग कापले. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सलही बदलला गेला. हाही इतिहासच आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण कॅलिफोर्नियातील भोपळ्यांच्या कोठारातून गाडी बाहेर आली तेव्हा तिच्यात ना जुने इंजिन होते ना शेव्हरोलेचे, त्यामुळे पुसण्यासारखे तिथे काही उरलेच नव्हते. शिवाय १९६८ पासून ती सांभाळणाऱ्या नंतरच्या मालकाची स्वतःची इच्छा ती मूळ रूपात आणण्याची होती. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे सुटे भाग जमवले होते. हे काम कंपनीने एखाद्या तृप्त मालकावर लादलेले नव्हते.

मुठींबाबत आपण फारच कठोर झाला आहात. या गाडीचे पत्रे कारागिरांनी हाताने ठोकून घडवलेले होते, त्यामुळे एका ५०७ चा भाग दुसरीला बिनबोभाट बसेल याची खात्री नसते आणि बाजारात तर तो मिळतच नाही. काच वर-खाली करण्याची मूठ ओतून घडवली काय किंवा मूळ मुठीच्या मापांवरून छापून घेतली काय, दोन्ही बाबतींत ती नवीच असणार. महत्त्वाचे हे की नवे काय आहे ते लपवले गेले नाही. या मुठींची माहिती आपल्याला आणि मला मिळाली ती कंपनीने जाहीर केलेल्या तपशिलातूनच. कामाला हात घालण्यापूर्वी, २०१४ मध्ये, ती गाडी जशी सापडली तशीच, गंजलेली आणि रंग उडालेली, म्युनिकच्या संग्रहालयात लोकांपुढे ठेवलीही होती.

आता रंगाचा मुद्दा. येथे मी बऱ्याच अंशी आपल्या बाजूचा आहे. डिसेंबर १९५८ मध्ये एल्विसला ही गाडी मिळाली तेव्हा ती पांढरी होती. चाहत्या तरुणी त्या पांढऱ्या पत्र्यावर लिपस्टिकने निरोप लिहून जात, म्हणून त्याने ती लाल करून घेतली, अशी हकिकत सांगितली जाते. म्हणजे लाल रंग ही त्याचीच निवड. पांढऱ्या रंगाच्या बाजूने मात्र एक गोष्ट आहे, जी आपल्या प्रतिक्रियेत आलेली नाही. हीच गाडी एल्विसच्या आधी हान्स श्टुक या नामवंत चालकाने डोंगरी शर्यतींत पळवली होती. पांढरा रंग निवडताना एल्विसला गाडी मिळाली तो क्षण निवडला गेला आणि त्यामागे श्टुकचा काळही आला. हा निर्णय समर्थनीय आहे. तरीही बॉनेटच्या आतल्या बाजूला हातभर लाल रंग तसाच राखायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्र्यावरचा थर एकदा गेला की तो छायाचित्रांतून परत मिळत नाही.

तुलनेसाठी पोर्शेची ५७ क्रमांकाची ९०१ ही गाडी पाहा. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या हरकतीमुळे ९०१ चे नाव ९११ झाले, त्यापूर्वीच्या मोजक्या गाड्यांपैकी ती एक. पोर्शेच्या संग्रहालयाने तिच्यावर तीन वर्षे काम केले, जे जुने तुकडे वाचतील ते वाचवण्याचा नियम पाळला आणि तरीही बॉडीसाठी त्याच काळातील दुसऱ्या गाडीचे भाग वापरावेच लागले. निव्वळ मूळ वस्तूंचा आग्रह धरला तर तीही आपल्या कसोटीला उतरणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहातून आणि आल्ब्रेख्ट गोएर्ट्झ यांच्या रेखाटनातून ही गाडी जन्माला आली. सुमारे पाच हजार डॉलरला विकण्याचा विचार होता, पण हातकामामुळे किंमत जवळपास दुप्पट झाली आणि १९५९ पर्यंत जेमतेम अडीचशे गाड्या बनल्या. तोट्यात आणखी भर पडली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात बीएमडब्ल्यू ही कंपनी मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझच्या घशात जाता जाता वाचली. मला या गाडीचा वारसा मुख्यतः इथे दिसतो : लांब बॉनेट, पुढच्या चाकांमागची ती हवेची खाच, आणि एवढे देखणे काम हाताने करताना कंपनीने मोजलेली किंमत. एल्विस नसता तरी मी या गाडीवर लिहिले असते, आणि रंगाविषयी आपल्याशी असाच वाद घातला असता.